आधी सप्लायला विचारा

सुरेखाचा फोन आला तेव्हा बेबीनंदा नुकतीच जेवून उठली होती. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ती इंजिनिअर. कंपनी म्हणजे एक शेड, वर एक हॉल, आणि सगळी मिळून पंधरा-वीस माणसं. तिथे रेशीम उत्पादकांसाठी एक डबा बनायचा. अळ्यांच्या शेडमधली गरमी आणि ओल मोजायची, मोजलेलं साठवून ठेवायचं आणि गरमी वाढली की आपोआप फॉगर सुरू करून बारीक तुषार सोडायचे, एवढं त्या डब्याचं काम. सुरेखा ही पिंपळगाव रेणुकाईची. तुतीची बाग, मोठी शेड, आणि आसपासच्या गावांत सगळ्यात चांगला कोष काढणारी बाई म्हणून तिचं नाव. कंपनीचा डबा घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत ती होती.

"ताई, तुमचा डबा मेला बघा," सुरेखा म्हणाली. "दुपारी लाईट गेल्ती, लगेच आली बी. पण डबा काही उठला न्हाई. नुसता लाल दिवा लुकलुक करून राह्यला. मी आत गेले तं अळ्यांनी पाल्याला तोंडच लावलेलं न्हाई. मंग मी आन् सासूबाईनं गोणपाटं भिजवून टांगले चहूबाजूनं, फॉगर हातानं चालू केला."

"अळ्यांचं काय झालं?"

"बऱ्याच वाचल्या. पत्र्याच्या अंगाचं रॅक गेलं सगळं. आता कोष करायलाच बसणार होत्या हो ताई."

सुरेखा भांडली असती तर बेबीनंदाला बरं वाटलं असतं. पण ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तं सगळ्याला सांगत असते, हा डबा बाहेरून आलेला न्हाई, आपल्या जालन्यात बनतो म्हणून. आता काय सांगू?"

फोन ठेवल्यावर बेबीनंदाच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना.

ती मंठ्याची. वडील तातेराव खरात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मुलीला इंजिनिअर करायचं हे त्यांनी ती पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं, आणि ते झालंही. पुढे पुण्याला मोठ्या कंपनीत सात-आठ वर्षं काढून ती जालन्याला परत आली, तेव्हा ओळखीच्यांना वाटलं, पोरीचं तिकडे काही जमलं नाही. खरं कारण वेगळंच होतं. पुण्यात ती मोठ्या यंत्राच्या एका खिळ्यावर काम करायची. ते यंत्र कुठे चालतं, कोण वापरतं, तिला कधी दिसलं नाही. घनसावंगीकडच्या अण्णासाहेबांनी जालन्यात कंपनी काढली आणि तिला बोलावलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "वापरणारे लोक मला भेटतील का?" अण्णासाहेब हसून म्हणाले होते, "भेटतील म्हणजे? घरी येऊन बसतील!"

सुरेखाचा डबा कंपनीत आणला. टेबलावर ठेवला, वीज दिली, आणि तो शहाण्यासारखा सुरू झाला. वीज तोडली, पुन्हा दिली, पुन्हा सुरू. पुढच्या आठवड्यात मंठ्याकडून दोन डबे आले, त्यांचंही तेच. तिथे बंद पडायचे, इथे आले की चालायचे.

आतला बोर्ड कल्याणनं डिझाइन केलेला होता. कल्याण हा कंपनीचा हार्डवेअरवाला, कामाला पक्का, पण बोर्डावर कुणी बोट ठेवलं की आतल्या आत कुढणारा. तो चार दिवस नीट जेवला नाही.

"ताई, माझंच काहीतरी चुकलं असणार," तो म्हणाला.

"अजून कुणाचं काय चुकलं ते कळलेलं न्हाई. ते कळू दे, मंग कुढत बस."

डबा शेडमध्ये बंद पडतो आणि हॉलमध्ये चालतो, यात फरक कशाचा? हॉलमध्ये एसी होता. बेबीनंदानं डबा उचलला, गच्चीवर नेला आणि पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याखाली ठेवला. एप्रिलची दुपार होती. हात लावला की चटका बसेल असा पत्रा तापलेला. कल्याण लांब वायर आणि व्होल्टेजची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेऊन वर आला. दोघंही डोक्याला रुमाल बांधून त्या उन्हात बसले. तिनं वीज तोडली, दिली. डबा उठला. पुन्हा तोडली, दिली. उठला. तिसऱ्या का चौथ्या खेपेला लाल दिवा लुकलुकायला लागला आणि लॅपटॉपवर ओळ उमटली: साठवणीची चिप सापडली नाही.

"हा बघ!" बेबीनंदा जवळजवळ ओरडलीच. इतक्या आनंदानं बिघाडाचं स्वागत कुणी केलं नसेल.

त्या बोर्डावर एक फ्लॅश चिप झाळलेली होती. मोबाइलमध्ये फोटो साठतात तशीच. डब्याचा सगळा प्रोग्राम आणि मोजलेले आकडे तिच्यातच राहायचे. ती सापडली नाही की डबा आंधळा. या चिपला वीज दोन वाटांनी मिळते. एक तिच्या स्वतःच्या कामासाठी, आणि दुसरी प्रोसेसरशी बोलायच्या तारांसाठी. बोलायच्या तारांचं व्होल्टेज काही बोर्डांवर बदलता येतं, सुरुवातीला तीन पॉइंट तीन आणि पुढे वेग वाढवायचा असेल तर एक पॉइंट आठ. कल्याणनं त्याच्या बोर्डावर या तारांना वीज पुरवणारा भाग, म्हणजे सप्लाय, कायमचा एक पॉइंट आठला बांधून टाकला होता. त्यात चूक काहीच नव्हती. चिपला ते चालतं, प्रोसेसरलाही चालतं, बोर्ड सुटसुटीत होतो, आणि बिघडायला एक गोष्ट कमी राहते.

स्कोपच्या पडद्यावर बोलायच्या तारेवर एक पॉइंट आठच दिसत होतं. बरोब्बर, सपाट, कुठेही थरथर नाही.

"तुझा सप्लाय तर खांबासारखा उभा हाय रे," बेबीनंदा म्हणाली.

कल्याणनं रुमालानं तोंड पुसलं. किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला.

मग चुकत कोण होतं? ज्या कंपनीचा प्रोसेसर त्यांनी घेतला होता, तिच्या मदत विभागाला बेबीनंदानं लिहिलं. उत्तर गोड भाषेत आलं: आमच्या नमुना बोर्डावर हा सप्लाय बदलता येणारा आहे, तुम्हीही तसाच करा. म्हणजे बोर्ड नव्यानं करा आणि गावोगाव बसवलेले सगळे डबे परत आणा. अण्णासाहेबांनी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"करावं लागलं तर करू," ते म्हणाले. "लोकांच्या अळ्या मरून चालणार न्हाई."

"अण्णासाहेब, बोर्ड बदलून आपण बरोबर गोष्ट चुकीची ठरवू," बेबीनंदा म्हणाली. "मला थोडे दिवस द्या. माझा संशय ड्रायव्हरवर हाय."

डबा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा, आणि ड्रायव्हर म्हणजे लिनक्समधला तो प्रोग्रामचा भाग, जो प्रोसेसरच्या वतीनं चिपशी बोलतो. तो जगभरचे लोक मिळून लिहितात. तिनं तो ओळीओळीनं वाचायला घेतला. वाचता वाचता मागच्या दिवाळीनंतर आलेल्या एका बदलापाशी थांबली. त्याच सुमारास त्यांनी डब्यात नवं लिनक्स घातलं होतं.

उठल्या उठल्या ड्रायव्हर सप्लायला हुकूम सोडायचा: तीन पॉइंट तीन दे. बदलता येणारा सप्लाय असेल तर तो देतो. पण इथला सप्लाय एकाच जागी बांधलेला. त्याच्यात फिरवायला काही नाही, म्हणून हुकूम तसाच हवेत जिरायचा. "जमत नाही" असंही कुणी ड्रायव्हरला सांगत नव्हतं. आणि ड्रायव्हर त्या गप्प बसण्यालाच होकार समजून प्रोसेसरच्या पायांना, म्हणजे पिनांना, कळवायचा, की समोरून तीन पॉइंट तीनचा आवाज येणार आहे, त्या हिशोबानं ऐका. प्रत्यक्षात चिप एक पॉइंट आठच्या आवाजात बोलायची. थंडाव्यात प्रोसेसर कसंबसं ऐकून घ्यायचा. शेड तापली की त्याला ऐकू येईना, आणि तो जाहीर करायचा, समोर कुणी नाहीच.

बेबीनंदानं खुर्ची मागे ढकलली आणि कल्याणला हाक मारली. त्यानं उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं.

"म्हणजे यानं सप्लायला विचारलंच न्हाई, की बाबा, तू कितीचा हाईस?"

"न्हाई विचारलं. नुसता हुकूम सोडला."

आपल्याकडच्या प्रतीत तिनं दुरुस्ती केली ती फार छोटी होती: या बोर्डावर एक पॉइंट आठच धर, दुसरं काही मागू नको. गच्चीवरच्या पत्र्याखाली आठवडाभर डबा वीज तोडत-जोडत ठेवला. एकदाही अडला नाही. गावोगावच्या डब्यांना नवा प्रोग्राम गेला. अण्णासाहेब स्वतः पिंपळगावला जाऊन सुरेखाच्या शेडमध्ये बसून आले आणि तिच्या गेलेल्या रॅकची भरपाईही देऊन आले.

"चला, झालं एकदाचं," ते म्हणाले.

"न्हाई झालं, अण्णासाहेब. आपण फक्त आपल्या घरापुरतं केलं. पुढचं लिनक्स आलं की ही चूक पुन्हा आपल्या दारात. आणि जगात फिक्स सप्लाय लावणारे आपण एकटेच का? कुणाचं दवाखान्यातलं मशीन असेल, कुणाचं आणखी काय. मला हे मुळात दुरुस्त करायचंय. तिथं पाठवायचंय."

"तिथं म्हणजे?"

"जिथून सगळं जग घेतं तिथं."

अण्णासाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पाठव," ते म्हणाले. "पण पत्ता आपल्या कंपनीचा टाक. जालना दिसलं पाहिजे."

लिनक्सच्या मूळ प्रतीत बदल पाठवायचा तर खाली आपलं खरं नाव लिहावं लागतं. पुण्यात सगळे तिला "बी" म्हणायचे. बेबीनंदा हे नाव त्यांना जड जायचं, आणि मग हळूहळू तिलाही ते सांगायला जड जायला लागलं होतं. या वेळी तिनं पूर्ण लिहिलं, बेबीनंदा तातेराव खरात, आणि बटण दाबलं.

पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं. त्या ड्रायव्हरची जबाबदारी असलेला माणूस फिनलंडला राहायचा. त्यानं लिहिलं होतं: हा तुमच्या एका बोर्डाचा इलाज झाला. सगळ्यांसाठी दुरुस्त करा, नाहीतर घेता येणार नाही.

तिला झोंबलं. दिवसभर ती कुणाशी धड बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच उत्तर पुन्हा वाचलं तेव्हा मान्य करावं लागलं, की माणूस बरोबर बोलतोय. तिनं सगळं नव्यानं मांडलं. ड्रायव्हरनं आधी सप्लायला विचारायचं, तू काय काय देऊ शकतोस? बदलता येणारा असेल तर पूर्वीसारखं चालू दे. एकाच जागी बांधलेला असेल तर जे आहे ते मान्य करायचं, प्रोसेसरच्या पायांना तेच कळवायचं, आणि ज्या वेगांना दुसरं व्होल्टेज लागतं ते वेग यादीतून काढून टाकायचे. आणि सप्लायचं नि चिपचं कशातच जुळत नसेल, तर गप्प न बसता स्पष्ट सांगून थांबायचं.

हे पाठवून ती रविवारी मंठ्याला गेली. दारात खाट टाकून तातेराव शेजारच्या सर्जेरावांशी गप्पा मारत बसले होते.

"पोरीचं काय चाललंय म्हणं आजकाल?" सर्जेरावांनी विचारलं.

"ती ड्रायव्हरचं काम करून राह्यली," तातेराव ऐटीत म्हणाले.

सर्जेराव चपापले. "एवढी शिकूनसवरून? कोणत्या गाडीवर?"

तातेराव मास्तर असे हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी खाटेवर मांडी घातली आणि सर्जेरावांना समजावायला घेतलं: चिप कशी असते, तिच्याशी बोलायला दुभाष्या कसा लागतो, त्या दुभाष्याला कसं वाटत होतं की आपण म्हणू ते व्होल्टेज समोरून मिळणारच, आणि आपल्या पोरीनं त्याला आधी विचारायला कसं शिकवलं. मध्ये एका ठिकाणी ते अडले, तर बेबीनंदाकडे न बघता स्वतःच आठवून पुढे गेले. तिनं त्यांना हे फोनवर एकदाच सांगितलं होतं. आतून पाण्याचा तांब्या घेऊन येताना ती उंबऱ्यातच थांबली आणि त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत तशीच उभी राहिली.

सोमवारी कंपनीत आली तर मेल येऊन पडलेला. ब्राझीलच्या एका माणसानं तिचा बदल आपल्या बोर्डावर लावून पाहिला होता. त्याचा बोर्ड आधी चालत होता. आता उठतच नव्हता.

बेबीनंदाला स्वतःचाच राग आला. जगाचं भलं करायला निघालो आणि कुणाचं तरी चालतं काम बंद पाडलं. कल्याण शेजारची खुर्ची ओढून बसला. आता समजूत घालायची पाळी त्याची होती.

"ताई, अजून कुणाचं काय चुकलं ते कळलेलं न्हाई," तो तिचंच वाक्य तिला ऐकवत म्हणाला. "त्याचा बोर्ड आपल्यापेक्षा वेगळा कशात हाय, ते बघू."

दोघांनी त्या माणसाच्या बोर्डाचं वर्णन मागवलं. प्रत्येक बोर्डासोबत लिनक्सला त्याचं वर्णन द्यावं लागतं, कुठे कोणती चिप, कुठून कोणती वीज. ब्राझीलच्या त्या बोर्डाच्या वर्णनात बोलायच्या तारांच्या सप्लायचा उल्लेखच नव्हता. वीज होती, पण लिहिलेली नव्हती. बेबीनंदाचा ड्रायव्हर विचारायचा, तू काय देऊ शकतोस? समोर उत्तर द्यायला कुणीच नाही. त्याचा अर्थ तो घ्यायचा, काहीच देऊ शकत नाही. आणि शिकवल्याप्रमाणे स्पष्ट सांगून थांबायचा.

कल्याणनं त्यांच्याच एका बोर्डाच्या वर्णनातून सप्लायचा उल्लेख पुसला. बोर्ड तसाच थांबला. बेबीनंदाला हसू आलं. सापडलं होतं! सप्लाय सांगितलेलाच नसेल तर पूर्वी जसं चालायचं तसंच चालू द्यायचं, एवढी सोय तिनं घातली. ब्राझीलच्या माणसाला मोकळेपणानं लिहिलं, चूक माझी होती, तुम्ही तपासलंत म्हणून कळली, हे बघा आता चालतं का.

त्याचं उत्तर आलं: चालतं. तपासलं म्हणून खाली माझं नाव घाला.

आणि त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, फिनलंडहून: नीट विचार करून केलेलं काम आहे. घेतलं.

बेबीनंदानं ते वाचलं. उठून खिडकीपाशी गेली. बाहेर स्टीलच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक रांगेत उभे होते. ती परत आली आणि पुन्हा वाचलं. मग कल्याणच्या टेबलावर टकटक करून फक्त म्हणाली, "घेतलं."

कल्याण खुर्चीवरून असा उठला की खुर्ची मागे आडवी झाली. "अण्णासाहेब!" तो जिन्यातून खाली ओरडत गेला. "घेतलं आपलं! घेतलं!"

अण्णासाहेबांनी खालच्या शेडमधलं काम थांबवून सगळ्यांना वर बोलावलं. पडद्यावर तिचा बदल लावायला सांगितला. जोडणी करणाऱ्या पुष्पाबाई पुढे येऊन बघत होत्या. इंग्रजीतल्या त्या ओळींमध्ये त्यांना खालचं नाव तेवढं वाचता आलं.

"ह्ये तुमचं नाव हाय ना बेबीताई? पूर्ण लिहिलंय की."

"हो. आणि हे खाली जालना."

"आता हे कुठं कुठं जाणार?"

"जिथं जिथं हा प्रोसेसर हाय तिथं," कल्याणनंच उत्तर दिलं. "जपान म्हणा, जर्मनी म्हणा. ज्याला कळणार बी न्हाई त्याच्या बी मशीनमध्ये."

पुष्पाबाईंनी मान हलवली आणि बेबीनंदाच्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात. पेढे आले. अण्णासाहेब काही भाषण वगैरे करणारे नव्हते. त्यांनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, "मी डबे परत आणायला निघालो होतो. हिनं आणू दिले न्हाईत." आणि डोळे दुसरीकडे वळवून पेढा तोंडात टाकला.

पावसाळ्यातल्या बॅचचा कोष घेऊन सुरेखा जालन्याच्या कोष बाजारात आली, तेव्हा वाट वाकडी करून कंपनीत येऊन गेली. पांढरेशुभ्र, कडक कोष ओंजळभर टेबलावर ओतले. "हे विकायचे न्हाईत, तुमच्यासाठी हायत," म्हणाली. दुरुस्तीचं काय झालं ते बेबीनंदानं तिला सांगितलं. सुरेखानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या शेडात जे बिघडलं, ते आता दुसऱ्या कुण्या बाईच्या शेडात बिघडणार न्हाई," ती म्हणाली. इतक्या कमी शब्दांत ते बेबीनंदालाही सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या अलीकडे फिनलंडच्या त्या माणसाचा मेल आला. सप्लायच्या या भागात आता तुमच्याइतकं खोलात कुणी उतरलेलं नाही. ड्रायव्हरच्या तपासनीसांमध्ये तुमचं नाव घातलं तर चालेल का? म्हणजे इथून पुढे या भागाला जो कुणी हात लावील, त्याचा बदल आधी तुमच्याकडे येईल.

तिनं हो कळवलं. आठच दिवसांत पहिला बदल आला, कोरियातल्या कुठल्याशा तरुणाचा. तिनं चहा बाजूला ठेवून तो वाचला. काम चांगलं होतं, पण त्यात फक्त त्याच्या बोर्डापुरतं बघितलेलं होतं. तिनं दोन ओळी लिहिल्या, थांबली, त्या पुसल्या. मग चांगलं पानभर लिहिलं: कुठे बरोबर आहे, कुठे अडेल, सप्लाय वर्णनात लिहिलेलाच नसला तर काय होईल, आणि आमच्याकडे चाळीस अंशांच्या वर गरमीत तपासून बघायची सोय आहे, बदल सुधारून पाठवलात तर आम्ही गच्चीवर लावून बघू.

"कल्याण," तिनं हाक मारली, "पत्र्याखाली जागा कर. कोरियाचं काम आलंय."